वाऱ्याचा हिशेब

पावसाळ्यात हिवरे बाजारहून सायकलने पूर्वेला अहिल्यानगरकडे निघालात, तर पश्चिमेचा वारा पाठीवर असतो. परतताना तोच छातीवर येतो. विमानाचेही असेच होते.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हामार्गे या प्रवासाला निघाले होते. आजची जेट विमाने हे अंतर न थांबता कापतात.

जेटचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर ८ तास लागतील. पण सुमारे दहा किलोमीटर उंचीवर या मार्गावर बहुधा पश्चिमेचे जोरदार वारे असतात. ते ताशी १०० किलोमीटर धरले, तर जाताना वेग ८०० उरतो. ९ तास लागतात. येताना तो १००० होतो. ७ तास १२ मिनिटे पुरतात.

बेरीज करा : १६ तास १२ मिनिटे! मग फिट्टंफाट का झाली नाही? वाऱ्याने ९ तासांत ९०० किलोमीटर हिरावले, परतीत मात्र ७२०च दिले. उरलेल्या १८० किलोमीटरचीच ही १२ मिनिटे. म्हणूनच किती इंधन भरायचे, हे वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवतात.

वारा ताशी १८० किलोमीटर असेल तर? तुम्हीच गणित करा.