अधूनमधून तुटणारी तारजोडणी आणि तिच्या दोषाचा शोध

शाळेच्या कार्यालयातील अथवा शिक्षकाच्या घरातील तारेने जोडलेले इंटरनेट पूर्णपणे बंद पडले, तर त्याचा दोष शोधणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती जोडणी कधी चालते व कधी तुटते तेव्हा. दुरुस्तीसाठी मनुष्य येतो त्या वेळी ती सुरळीत असते आणि त्याची पाठ वळताच पुन्हा तुटते. अशा येत्या-जात्या दोषाचा माग कसा काढावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही; क्रमाने पाहण्याची व पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय पुरेशी आहे.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गेलेले मूल दुसऱ्या गावच्या शाळेत दाखल झाले म्हणजे त्याची नोंदही यूडायस प्लस प्रणालीत त्या शाळेकडे जावी लागते. माहिती भरत असताना जोडणी तुटली की नोंद अर्धवट राहते, आणि मूल वर्गात बसलेले असूनही प्रणालीच्या लेखी ते त्या शाळेचे नसते. दुसरी हानी पैशाची. शाळाभेटींत असे आढळते की, संयुक्त शाळा अनुदानातून नवा राउटर आणला जातो, तो बसवल्यावरही जोडणी तुटतच राहते, आणि अखेरीस दोष निघतो तो तारेच्या टोकाला असलेल्या अल्प किमतीच्या कनेक्टरमध्ये.

असे होण्याचे कारण एकच. दोष कोठे आहे हे ठरवण्यापूर्वीच उपाय केला जातो. वजाबाकी चुकणाऱ्या मुलास आपण पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकवत नाही. तो एकक-दशक मांडताना चुकतो की हातचा घेताना चुकतो, हे आधी पाहतो. येथेही तीच रीत लागू पडते.

मार्गाचे तुकडे पाडावेत

प्रथम एका कागदावर जोडणीचा मार्ग काढावा : संगणक, तेथून निघालेली तार, वाटेत स्विच असल्यास तो, पुढे राउटर, त्यापुढे फायबरची पेटी आणि शेवटी कंपनीची बाहेरून आलेली फायबर. कित्येक ठिकाणी राउटर व फायबरची पेटी हे एकच यंत्र असते. दोष या साखळीच्या कोणत्यातरी एका कडीत असतो. चाचणी सुरू करण्यापूर्वी संगणकाचे वायफाय बंद करावे; अन्यथा तार तुटलेली असतानाही संगणक वायफायवरून चालत राहतो आणि निष्कर्ष चुकतो.

पहिली चाचणी डोळ्यांची आहे. तार जेथे खोचली जाते, त्या खाचेजवळ बहुधा बारीक दिवा असतो. जोडणी तुटण्याच्या क्षणी हा दिवा विझत असेल, तर दोष तार, कनेक्टर किंवा ती खाच यांत आहे. राउटरचे सर्वच दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे : अॅडॅप्टर सैल बसला असेल, एक्स्टेन्शन बोर्ड ढिला असेल किंवा दाब कमी-जास्त होत असेल. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या खुणेचा तांबडा दिवा लागत असेल, तर प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोचत नाही असे समजावे. ते काम कंपनीचे होय. फायबरचे टोक उघडून त्यात कधीही डोकावू नये. त्यातील लेसरकिरण डोळ्यांस दिसत नाहीत, परंतु इजा करू शकतात.

दुसरी चाचणी ‘पिंग’ या आज्ञेची. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ असे इंग्रजी अक्षरांत टंकित केले असता, ‘डीफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढे राउटरचा पत्ता दिसतो. तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. मग पिंग, मोकळी जागा, तो पत्ता, मोकळी जागा, आडवी रेघ व टी हे अक्षर अशी आज्ञा द्यावी. राउटरकडून उत्तरांच्या ओळी येत राहतात. दुसऱ्या खिडकीत याच रीतीने ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यास विचारणा सुरू करावी. दोन्ही खिडक्या तास-दोन तास चालू ठेवून नेहमीचे काम करावे. थांबवण्यासाठी कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबाव्यात.

जोडणी तुटली की दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरचेच उत्तर थांबले असेल, तर दोष घरातील वा शाळेतील आहे. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे असण्याचा संभव अधिक. दोन्ही उत्तरे येतात आणि तरी संकेतस्थळे उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेची तपासणी करावी. संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे असे जाणावे.

तारेची परीक्षा

दोष आतला ठरला, तर प्रथम तारेकडे पाहावे. या तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडी पिळलेली असते. हा पीळ शोभेसाठी नाही. शेजारच्या विजेच्या तारेचा उपद्रव पिळामुळे जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखा पडतो, आणि ग्रहण करणारे यंत्र दोहोंमधील फरकच मोजत असल्याने तो वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली दूरध्वनीसाठी या युक्तीचे पेटंट घेतले होते. म्हणून कनेक्टर बसवताना अर्ध्या इंचाहून अधिक पीळ उकलू नये, तसेच ही तार विजेच्या तारेस समांतर बांधून नेऊ नये. ओलांडणे भागच असल्यास काटकोनात ओलांडावी.

वेग सेकंदास १०० मेगाबिट असताना चारपैकी दोनच जोड्या वापरल्या जातात; १००० मेगाबिटसाठी चारही लागतात. यावरून एक उपयुक्त खूण मिळते. दोन्ही टोकांची यंत्रे १००० ची असूनही संगणक १०० चाच वेग दाखवत असेल, तर एखादी जोडी तुटली असण्याची शंका घ्यावी. यंत्रच १०० चे असेल, तर मात्र तो दोष नव्हे.

तार कोठे तुटते? बाकाच्या पायाखाली, दाराच्या फटीत, उंदरांनी कुरतडलेल्या जागी आणि सर्वांत अधिक कनेक्टरच्या मुळाशी. कनेक्टरचा प्लास्टिकचा खटका मोडला असेल, तर तार खाचेत बसल्यासारखी दिसते, पण खुर्ची सरकताच सुटते. तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण वाकवण्याने लवकर मोडते. खरेदी करताना शुद्ध तांब्याची तार मागावी. दोन यंत्रांमधील लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी.

तपासणीची सोपी युक्ती अशी की, चालू असलेली दुसरी तार काही काळ बदलून लावावी. दोष नाहीसा झाल्यास तार दोषी. न झाल्यास राउटरवरील खाच बदलावी, नंतर संगणक बदलून पाहावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी, हा या कामातील मुख्य नियम आहे. तीन वस्तू एकदम बदलल्यास दोष जाईलही, परंतु तो कशात होता हे कळणार नाही आणि तीच सदोष तार पुढे दुसऱ्या खोलीत लावली जाईल.

इतर काही कारणे

एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच साध्या स्विचमध्ये खोचली गेली, तर संदेश गोल फिरत राहतात व सर्व जोडणी ठप्प होते. खोली झाडताना सुटलेले टोक कोणी सद्हेतूने पुन्हा खोचले, म्हणजे असे घडते. जुना राउटर जोडून ठेवल्यास दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ होतो. वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्ड बंद करण्याची मुभा संगणकास दिलेली असेल, तर ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन काढून घ्यावी. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाल्यास आधीच तारा काढून ठेवणे श्रेयस्कर, कारण जवळ पडलेल्या विजेने खाच निकामी होऊ शकते.

नोंदवही

या कामासाठी मुख्याध्यापकांनी वहीचे एक पान राखून ठेवावे. तारीख, जोडणी तुटल्याची वेळ, दिव्यांची स्थिती, दोन्ही पिंगचा निकाल व त्या दिवशी केलेला बदल एवढे पाच रकाने पुरेत. आठवडाभराच्या नोंदींवरून पुष्कळदा दोषच आपली जागा सांगतो : पाण्याची मोटर सुरू होण्याची वेळ आणि जोडणी तुटण्याची वेळ एकच आहे, हे स्मरणाने नव्हे तर वहीनेच कळते. कंपनीकडे तक्रार करावी लागली, तरी ‘नेट वारंवार जाते’ या वाक्यापेक्षा ‘अमुक वेळी राउटर उत्तर देत होता, बाहेरचा पत्ता देत नव्हता’ ही नोंद अधिक वजनदार ठरते आणि ती टाळणे कठीण जाते.

शिक्षक बंधुभगिनींनी नवीन यंत्राची मागणी करण्यापूर्वी हे पान भरून पाहावे. शाळेचे पैसे त्यामुळे वाचतील. आणि दूर गावाहून आलेल्या मुलाचे नाव पटावर चढते त्याच दिवशी प्रणालीतही चढेल.