विद्युत गिटारचा प्रतिध्वनी कोठे जोडावा?



आमच्या मॉरिशस बेटावरील कित्येक कुटुंबांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडला गेली आणि तेथेच स्थायिक झाली. त्यांच्या घरांत आता पेटी-तबल्याच्या शेजारी विद्युत गिटारही दिसते. घरातील वडीलधाऱ्यांना तो निव्वळ गोंगाट वाटतो आणि त्यात प्रत्येक वेळी त्यांच्याच कानांचा दोष असतो असे नाही. पुष्कळदा जोडणीच चुकलेली असते. मुलगा पगारातून पैसे साठवून प्रतिध्वनीचे, म्हणजे डिलेचे, पेडल आणतो. ते लावल्यावर सूर खुलण्याऐवजी त्याचा चिखल होतो. मग दुसरे पेडल येते, मग तिसरे. अखेर घरातला चांगला जुना ॲम्प्लिफायर विकून ‘इफेक्ट्स लूप’ असलेला नवा घेण्याची भाषा सुरू होते. त्यात शेकडो पौंड जातात. ते खर्च करण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा: आपल्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज नेमका फाटतो कोठे?

‘फाटतो’ हा शब्द येथे निंदेचा नाही. विद्युत गिटारवादकाला आवाज थोडा फाटलेलाच हवा असतो. त्यालाच तो ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन म्हणतो.

ॲम्प्लिफायरच्या पोटात दोन खाती असतात. पहिले प्रीॲम्प. गिटारमधून येणारा क्षीण संकेत ते वाढवते आणि त्याला जाड-बारीक रूप देते. दुसरे पॉवर ॲम्प. ते स्पीकर हलवण्याएवढी ताकद पुरवते. या दोहोंच्या मध्ये मागच्या बाजूस दोन भोके ठेवलेली असतात. ‘सेंड’मधून संकेत बाहेर काढायचा, पेडलातून फिरवायचा आणि ‘रिटर्न’मधून आत सोडायचा. हाच इफेक्ट्स लूप. घराला मागचे दार असावे तसा.

या मागच्या दाराची गरज का पडली? चकलीची भाजणी करताना धान्य आधी भाजतात, मग दळतात. आधी दळून मागाहून भाजले तर जिन्नस तेच, पण चव ती नव्हे. आवाजाचेही तसेच आहे. आधी फाटलेला आणि मग घुमलेला आवाज वेगळा, आणि आधी घुमवून मग फाडलेला वेगळा. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे, कोणीही न वाजवलेले स्वर उत्पन्न होतात. समजा, सेकंदाला २२० कंपनांचा स्वर वाजवला आणि त्याचा प्रतिध्वनी विरण्यापूर्वीच २६२ कंपनांचा दुसरा आला. दोन्ही एकाच वेळी फाटले तर त्यातून ४२ व ४८२ कंपनांचे स्वर निघतील. गिटारची सर्वांत जाड तार ८२ कंपनांची; ४२ चा स्वर तिच्याही खाली गुरगुरतो. ४८२ तर कोणत्याच पट्टीत बसत नाही. चिखल म्हणतात तो हाच. म्हणून प्रतिध्वनी फाटण्याच्या जागेनंतर हवा.

आता ही जागा कोणती, हे ॲम्प्लिफायरच्या घडणीवर अवलंबून असते. जिम मार्शल यांचे दुकान लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे अक्सब्रिज रोडवर होते. तोच रस्ता पुढे आपल्या लोकांच्या साउथॉलमधून जातो. या दुकानाच्या मंडळींनी १९६२ मध्ये जेटीएम ४५ हा पहिला ॲम्प्लिफायर तयार केला. त्या काळच्या यंत्रात फाटका आवाज हवा असेल तर सारे यंत्र मोठ्याने वाजवावे लागे. आवाज मुख्यतः शेवटी, पॉवर ॲम्पमध्ये फाटे. १९७५ मध्ये मार्शलने ‘मास्टर व्हॉल्यूम’ असलेला २२०३ हा नमुना काढला. आता प्रीॲम्पमध्ये आवाज हवा तेवढा फाडायचा आणि बाहेर हळू सोडायचा, हे शक्य झाले. शेजाऱ्यांवर केवढे उपकार! फाटण्याची जागा अशी पुढून सरकून आत आली, आणि तिच्यामागे दार ठेवण्याला अर्थ आला. पुढे १९८० नंतरच्या दशकात इफेक्ट्स लूप सर्रास दिसू लागला.

परंतु लूप नसतानाही एकाने हा प्रश्न कसा सोडवला, ते आमच्या मते अधिक शिकण्यासारखे आहे. क्वीन या वाद्यवृंदाचे नाव तरुण वाचकांना सांगणे न लगे. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला १९४६ मध्ये जन्मलेले फरोख बलसारा. त्यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. १९६४ मध्ये हे कुटुंब लंडनजवळ फेल्टमला आले. त्याच फेल्टममध्ये ब्रायन मे यांचे घर. मे यांनी १९६३ पासून वडिलांच्या साहाय्याने घरीच स्वतःची गिटार बनवायला घेतली होती. तिच्या मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. तार छेडायला ते सहा पेन्सचे नाणे वापरतात.

हेच मे पुढे क्वीनचे गिटारवादक झाले. त्यांचा ॲम्प्लिफायर व्हॉक्स एसी ३०. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे जेनिंग्ज कंपनीने, डिक डेनी यांच्या आराखड्यावर तो बनवला. शेवटच्या टप्प्यात चार ईएल ८४ व्हॉल्व्ह, ताकद ३० वॅट. मे तो पुरता उघडून वाजवीत, म्हणजे आवाज फाटे तो बहुतांशी अगदी शेवटी. अशा ठिकाणी मध्ये लूप असता तरी उपयोग काय? लूपमधून आत आलेला प्रतिध्वनी पुढे मूळ स्वराबरोबरच फाटला असता. मग मे यांनी काय केले? मूळ स्वर एका एसी ३० ला, पहिला प्रतिध्वनी दुसऱ्याला आणि दुसरा प्रतिध्वनी तिसऱ्याला दिला. प्रत्येक आवाज आपापल्या घरी फाटला आणि त्यांची गाठ पडली ती सभागृहाच्या हवेत. तेथे बेरीज-वजाबाकीचा उपद्रव नाही. १९७४ च्या ‘ब्रायटन रॉक’ या गाण्यात ते आपल्याच प्रतिध्वनीशी सवाल-जवाब करतात, आणि तरी स्वर न् स्वर वेगळा ऐकू येतो.

आता घरची तपासणी. प्रीॲम्पचा ‘गेन’ कमी करून मास्टर वाढवा. आवाज स्वच्छ राहिला तर तो आधी प्रीॲम्पमध्ये फाटत होता, आणि लूपचा तुम्हांला पुरेपूर फायदा आहे. मास्टर खूप वाढवल्यावरच फाटत असेल तर लूपसाठी पैसे घालवू नका. मास्टर थोडा उतरवा, किंवा दुसरा लहान ॲम्प्लिफायर प्रतिध्वनीसाठी मागून आणा. आणि आवाज ओव्हरड्राइव्हच्या पेडलातच फाटत असेल, तर डिले त्या पेडलानंतर जोडले की झाले. लूपची गरजच नाही.

लूप वापरणाऱ्यांनी वाह आणि ओव्हरड्राइव्ह गिटार व ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ठेवावे. डिले आणि रिव्हर्ब लूपमध्ये. आवाजाची पातळी जरूर पाहावी. काही लूप स्टुडिओच्या यंत्रांसाठी, ‘+४’ पातळीचे, म्हणजे सुमारे १.२ व्होल्टचे असतात. साध्या पेडलाला ते सोसत नाही आणि ते स्वतःच कर्कश फाटू लागते. ‘−१०’ चे बटण असेल तर ते लावावे. ती पातळी सुमारे ०.३ व्होल्टची. लूप ‘सीरिज’ असेल तर सगळा आवाज पेडलातून जातो, तेव्हा पेडलाची ‘मिक्स’ कळ बेताने फिरवावी. ‘पॅरलल’ असेल तर मूळ आवाज आतून सरळ जातच असतो. तेथे मिक्स पूर्ण ठेवावी. नाहीतर मूळ आवाजाच्या दोन प्रती किंचित मागेपुढे पोहोचतात आणि स्वर पोकळ होतो.

एक युक्ती पुष्कळांचा दुरुस्तीचा खर्च वाचवील. ॲम्प्लिफायरचा आवाज एकाएकी खोल गेला किंवा मध्येच तुटू लागला, तर सेंड व रिटर्न एका आखूड वायरने जोडून पाहा. आवाज परत आला तर बहुधा रिटर्नच्या भोकातील पट्टीवर मळ बसला आहे. स्वच्छ केल्यावर काम भागते. मात्र हे करताना मागचे स्पीकरचे भोक सेंड समजू नका. स्पीकरची ताकद पेडलात गेली तर पेडल जळते, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वाजवला तर आतला ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो.

लूपमध्ये वेगवेगळ्या वीजजोडण्यांची यंत्रे आली की कधी घुंऽऽ असा आवाज येतो. तो घालवण्यासाठी तीन पायांच्या प्लगमधील अर्थची वायर काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. ही वायर कदापि काढू नये. आत बिघाड होऊन वीज पेटीच्या पत्र्यावर आली, तर तीच वायर वाजवणाऱ्याचा जीव राखते. सगळी यंत्रे एकाच प्लगपट्टीवर घ्यावी. तरी घुंऽऽ राहिला तर लूपसाठी ट्रान्सफॉर्मर असलेली आयसोलेटरची लहान डबी मिळते, ती मध्ये जोडावी.