गांधीलमाशीचा फोटो : रंगावर किती विसंबायचं?

युरोपातल्या बागांमध्ये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या दोन गांधीलमाश्या सर्रास दिसतात, व्हेस्पुला वल्गॅरिस आणि व्हेस्पुला जर्मानिका. त्या वेगळ्या ओळखायची खूण चेहऱ्यावर असते. पिवळ्या चेहऱ्यावर जहाजाच्या नांगरासारखी काळी आकृती असेल तर वल्गॅरिस, तीन सुटे ठिपके असतील तर जर्मानिका. पण कामकरी माश्यांमध्ये ही खूण बऱ्याचदा दगा देते. कुणाचा नांगर तुटून ठिपके उरतात, तर कुणाचे ठिपके जुळून नांगराचा भास होतो. त्यातून फोटो पाठीवरून काढलेला असेल तर चेहरा दिसतच नाही.

एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. न्यूझीलंडचं उदाहरण पाहा. तिथे जर्मानिका 1940च्या दशकात पोहोचली, वल्गॅरिस 1970च्या दशकाच्या अखेरीस स्थिरावली आणि दक्षिण बेटावरच्या बीच वृक्षांच्या जंगलांतून तिने काही वर्षांत जर्मानिकाला हुसकावलं. दोघींना एकच समजणाऱ्याला हा बदल दिसलाच नसता.

खुणांमधला हा फरक काही जातींत तर जगण्याचंच साधन असतो. अमेरिकेतल्या पोलिस्टेस फ्युस्कॅटस या गांधीलमाशीत जवळपास प्रत्येकीचा चेहरा निराळा असतो. एलिझाबेथ टिबेट्स यांनी काही माश्यांच्या चेहऱ्यांवरच्या खुणा रंगाने बदलल्या आणि त्यांना पुन्हा पोळ्यावर सोडलं. घरच्याच माश्या त्यांच्यावर धावून गेल्या. काही वेळाने नवा चेहरा सवयीचा झाला आणि भांडण निवळलं. ज्यांना रंग लावला, पण खुणा बदलल्या नाहीत, त्यांच्या वाट्याला हा राग आला नाही. हे संशोधन 2002मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या ठिपक्यांनी आपला गोंधळ उडतो, त्यांवरूनच त्या एकमेकींना ओळखतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

मग जात ठरवायची कशावरून? शरीराच्या घडणीवरून. डोळ्याची खालची कड आणि जबड्याचं मूळ यांमधलं अंतर व्हेस्पुलात अगदी कमी असतं, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या डोलिकोव्हेस्पुलात स्पष्ट जाणवण्याइतकं जास्त. मादीच्या मिशीला 12 खंड असतात, नराच्या 13. फुलमाशी गांधीलमाशीचे रंग हुबेहूब उचलते, पण तिला पंखांची एकच जोडी असते, गांधीलमाशीला दोन. रंग कितीही बदलला तरी ही घडण सहसा बदलत नाही.

आपल्याकडे घरांच्या आडोशाला कागदी पोळं बांधणारी रोपालिडिया मार्जिनाटा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या समाजजीवनाचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथेही एकेक माशी ओळखायला तिच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके द्यावे लागतात.

तेव्हा गांधीलमाशी दिसली तर एका फोटोवर थांबू नका. पोळ्यापासून लांब राहून, झूम वापरून चेहरा समोरून घ्या, एक फोटो बाजूने, एक पाठीवरून, आणि जमल्यास मिशा व पंख स्पष्ट येतील असा आणखी एक. ठिकाण आणि तारीख जरूर नोंदवा. एवढं करूनही जात पटली नाही, तर फक्त ‘गांधीलमाशी’ अशी नोंद करा. चुकीच्या नावापेक्षा ती कितीतरी उपयोगी आहे.