सेवामंडळाचे दुसरे वर्ष

गावात तरुणांचे नवे मंडळ निघाले की त्याची प्रकृती फलकावरून ओळखता येते. रंग ताजा असेल तर मंडळ चालू आहे असे समजावे. रंग उडाला असेल तर ते बहुधा फलकापुरतेच उरले आहे. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही. सेवेची इच्छा असलेली मुले आपल्या गावांत कमी नाहीत. पूर आला, आग लागली, जत्रेत गर्दी झाली, म्हणजे कोणी न बोलावता धावून जातात ती हीच मुले. तरीही त्यांनी काढलेली मंडळे दुसरे वर्ष क्वचितच पाहतात. इच्छा आहे, हात आहेत आणि तरी मंडळ टिकत नाही, असे का व्हावे, आणि नवे मंडळ काढावयाचे तर ते कोणत्या टोकाकडून सुरू करावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

रूढ रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आधी नाव ठरते, आणि त्यावर दोन सभा खर्ची पडतात. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष नेमले जातात. पावतीपुस्तक छापले जाते. पाहुणे बोलावून उद्घाटन होते. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळी एकमेकांना विचारतात, आता करावयाचे काय? मग कोणी वृक्षारोपण सुचवितो. रोपे लागतात, छायाचित्र निघते, आणि चैत्र-वैशाखात त्या रोपांना पाणी कोणी घालावयाचे हा प्रश्न कोणत्याच सभेपुढे येत नाही. आमचे म्हणणे असे की ही सारी रीत उलटी करावी. काम आधी धरावे, आणि तेही असे धरावे, की जे ठराविक दिवशी पुन्हा पुन्हा दारात येऊन उभे राहते, आणि आपण गेलो नाही तर कोणाचे तरी खरोखर अडते.

आपल्याकडे सेवेची जी कामे टिकली, ती बहुतेक अशीच होती. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्या संस्थेत आलेल्या ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. लीगने गिरणगावात भाषणे केली नाहीत असे नाही. पण तिची ओळख पटली ती रात्रीच्या शाळांनी आणि वाचनालयांनी. रात्रीची शाळा आज भरली म्हणजे उद्याही भरावी लागते, हा त्या कामाचा स्वभावच आहे. १९४१ साली उभे राहिलेले राष्ट्र सेवा दल घ्या. त्याचा कणा रोजच्या ठरल्या वेळेची शाखा हाच होता. गाडगे महाराजांचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी असते. परंतु त्यांत क्रम काय होता, हे आपण विसरतो. दिवसा हाती खराटा, आणि कीर्तन रात्री.

आता दोन कामे जरा तपशिलाने पाहू. दोन्ही तालुक्याच्या गावात होण्याजोगी आहेत आणि दोन्हींना भांडवल जवळजवळ लागत नाही.

पहिले रक्ताचे. रक्तदानाची शिबिरे आपल्याकडे पुष्कळ होतात, आणि ती होतात हे चांगलेच आहे. परंतु ती होतात केव्हा? पुढाऱ्यांच्या वाढदिवशी, जयंतीला, पुण्यतिथीला. एका दिवसात दोनशे पिशव्या जमतात आणि वर्तमानपत्रात बातमी येते. रक्त मात्र बातमीसाठी थांबत नाही. तांबड्या पेशी योग्य द्रावणात आणि योग्य थंडीत ठेवल्या तरी सुमारे ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर पाचच दिवस. एकाच आठवड्यात चार शिबिरे झाली, तर रक्तपेढीला ते सारे वेळेत वापरणे कठीण होते. उलट मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावोगाव पांगलेली असतात, आणि तेव्हाच रक्ताचा तुटवडा पडतो. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. आजारी माणसाला सुट्टी नसते.

थॅलॅसेमियाचा आजार असलेल्या मुलाचा विचार करा. अशा मुलाच्या अंगात पुरेसे चांगले रक्त तयार होत नाही, म्हणून त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावे लागते. तीन आठवड्यांचा हिशेब धरला आणि एका वेळेस एक पिशवी धरली, तर वर्षाला सतरा-अठरा पिशव्या झाल्या. निरोगी पुरुषाला दर ९० दिवसांनी आणि स्त्रीला दर १२० दिवसांनी रक्त देता येते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावे लागते. म्हणजे दहा तरुणांनी वर्षातून प्रत्येकी दोनदा रक्त दिले, तर एका मुलाच्या वर्षभराच्या गरजेइतके रक्त पेढीत पडते. (तेच रक्त त्याच मुलाला मिळेल असे नव्हे, गट आणि तपासणी पाहून पेढी ते देते.) दहा तरुण म्हणजे एका आळीतली मुले. मात्र ती सगळी एकाच दिवशी जाऊन उपयोग नाही. जानेवारीत दोघे, फेब्रुवारीत दोघे, असे त्यांचे पान लावले पाहिजे, आणि मे महिन्याच्या पानावर कोण आहेत हे मार्चमध्येच पक्के झाले पाहिजे. हे पान लावणे, आठवण करून देणे आणि दात्याच्या बरोबर जाणे, हे खरे मंडळाचे काम. त्याला उद्घाटन लागत नाही. शंभर पानी वही पुरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. तेव्हा रक्तपेढी सर्वस्वी अशा वह्यांवरच उभी राहावयाची, हे सुज्ञांस निराळे सांगावयास नको.

दुसरे काम त्याहून शांत आहे, आणि ते लहान वयाच्या मुलांनाच साधते, म्हणून आम्हांला विशेष आवडते. अंध विद्यार्थी परीक्षेला बसतो तेव्हा तो उत्तरे सांगतो आणि दुसरा कोणी ती लिहितो. या दुसऱ्याला लेखनिक म्हणतात. लेखनिकाचे नियम परीक्षेपरीक्षेला वेगळे असतात. परंतु शालान्त परीक्षेपुरता दंडक असा, की तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा, म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्याला नववीचा किंवा त्याहून लहान. हेतू उघड आहे. उत्तर लेखनिकाचे होता कामा नये. त्यामुळे हे काम प्राध्यापकाला करता येत नाही, सावकाराला पैसे टाकून करविता येत नाही, ते नववीतल्या मुलामुलीनेच करावयाचे. आणि लेखनिक वेळेवर न मिळाल्यामुळे पालक फेब्रुवारीत शाळाशाळांतून हिंडत आहेत, हे दृश्य आपल्या गावांना नवे नाही.

बाहेरून हे काम सोपे दिसते. प्रत्यक्षात त्याला सराव लागतो. प्रश्न स्पष्ट वाचावयाचा, गुण किती ते सांगावयाचे, सांगितले तेच आणि तितकेच लिहावयाचे. गणितात कंस कोठे उघडला आणि कोठे मिटला, हे दोघांच्या खुणेने ठरलेले असावे लागते. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे उत्तर चुकते आहे हे कळत असताना गप्प राहून ते तसेच लिहिणे. हुशार मुलाला हे फार जड जाते. पण आपली हुशारी बाजूला ठेवून दुसऱ्याच्या बुद्धीला केवळ हात पुरविणे याहून चांगले सेवेचे शिक्षण आम्हांला तरी ठाऊक नाही. अंध परीक्षार्थीला तासामागे निदान वीस मिनिटे जादा देण्याची तरतूद केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि लेखनिकालाही चार तास बसण्याची सवय असावी लागते.

म्हणून हे काम फेब्रुवारीत सुरू होत नाही, जूनमध्ये होते. आठवड्यातून एकदा दोघांनी एकत्र बसावे. डोळस मुलाने धडा वाचावा, दुसऱ्याने ऐकावा, मग उजळणी. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी १९५१ साली मान्य झाली, पण ब्रेल पुस्तके जाडजूड असतात आणि हवे ते पुस्तक हव्या त्या वेळी मिळतेच असे नाही. अशा वेळी पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवावे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. अपंग व्यक्तींच्या उपयोगासाठी असे रूपांतर करण्याची मुभा २०१२ सालच्या दुरुस्तीने लेखाधिकाराच्या कायद्यातच दिली आहे. मात्र वाचताना पानांचे आकडे सांगावयास विसरू नये, नाहीतर ऐकणारा त्या पुस्तकात हरवून जातो.

ही दोन कामे आम्ही नमुन्यादाखल सांगितली. नव्या मंडळाने दोन्ही घेऊ नयेत; एकच घ्यावे. आणि तेही घरी बसून ठरवू नये. एक महिना नुसते विचारत हिंडावे. सरकारी दवाखान्यात, शाळेत, पोस्टात, बसस्थानकावर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जावे आणि विचारावे, तुमचे कोठे अडते? गावाची गरज आणि आपली हौस यांत किती अंतर आहे, ते या महिन्यात कळते.

येथे पालकांची शंका पुढे येते, की मुलांचा अभ्यास बुडेल. ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण हिशेब पाहा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. त्या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करावे अशी अपेक्षा आहे. बावन्न आठवड्यांनी भागले, तर आठवड्याला सव्वादोन तास होतात. शाळकरी मुलांच्या मंडळाने त्याहून कमी, दीड-दोन तास धरावेत. एवढा वेळ कट्ट्यावर सहज जातो. जास्त मात्र मागू नये. पहिल्या उत्साहात रोज दोन तास देऊ करणारा मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा होतो, आणि मग त्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

बैठकीची वेळही दिसते तितकी क्षुल्लक गोष्ट नाही. बैठक रात्री नऊ वाजता चौकात ठेवली, तर मुली मंडळाबाहेर राहिल्या असे समजावे. मग घटनेत समानतेचे कितीही कलम घाला. तीच बैठक संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या ओसरीवर घेतली, तर मुली येतात आणि त्यांच्या आयांची हरकत राहत नाही.

आता आम्हां वडीलधाऱ्यांविषयी. मंडळाच्या कागदावर डाव्या बाजूला सल्लागारांची लांबलचक यादी छापण्याची चाल आहे. त्या यादीतल्या किती जणांनी खरोखर सल्ला दिला याची चौकशी कोणी करीत नाही, हे एका परीने बरेच आहे. मोठ्यांनी खरे म्हणजे तीन गोष्टी द्याव्यात: बसावयाला जागा, मुख्याध्यापकांकडे किंवा रक्तपेढीत मुलांच्या वतीने एक भरवशाचा शब्द, आणि कमी बोलणे. मुलांनी चुकीचा हिशेब मांडला तर तो त्यांना पुन्हा मांडू द्यावा. आपण हातातून वही घेतली की मंडळ आपले झाले.

पैशाच्या बाबतीत आम्ही काहीसे कर्मठ आहोत. पहिले वर्ष वर्गणीशिवाय काढावे. वर वर्णिलेल्या कामांना वही, फोन आणि फार तर बसभाडे एवढाच खर्च येतो, आणि तो आपसांत निघतो. वर्गणी गोळा केली की ती खर्चण्यासाठी कार्यक्रम शोधावा लागतो, आणि काम मागे पडते. पुढे लोकांकडून पैसा घ्यावाच लागला, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळांना ही गोष्ट माहीत असते. नोंदणीचीही घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये सात जण एकत्र आले की संस्था नोंदविता येते, आणि महाराष्ट्रात तिची १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. पण त्यानंतर दर वर्षी तपासलेले हिशेब द्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की कळवावे लागते, आणि ही जबाबदारी सज्ञानांनीच घ्यावयाची असते. जे मंडळ बारा महिने बैठकीची नोंदवही ठेवू शकले नाही, त्याने हा भार उचलू नये.

सर्वांत मोठे संकट शेवटी येते, आणि त्याला कोणाचाच दोष नसतो. मुले मोठी होतात. बारावी झाली की कोणी पुण्याला जातो, कोणी संभाजीनगरला; ज्याच्या डोक्यात सारी माहिती, तोच एस.टी.त बसतो. रोटरीने १९६२ साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातल्या एका शाळेत मुलांचा पहिला इंटरॅक्ट क्लब काढला आणि पुढे ते क्लब देशोदेशी पसरले. घंटा आणि बिल्ले यांचे आम्हांला फारसे अगत्य नाही; पण रोटरीची एक रीत उचलण्यासारखी आहे. १ जुलैला अध्यक्ष बदलतो म्हणजे बदलतो, मग तो कितीही कर्तबगार असो. आपल्या मंडळातही प्रत्येक कामाला दोन माणसे असावीत, एक करणारा आणि एक वर्षाने लहान असा शिकणारा. रक्तदात्यांची वही अकरावीतल्या मुलीकडे असेल, तर फोन नववीतल्या मुलाने करावेत. त्याला स्वतःला रक्त देण्याचे वय नाही, हे चांगलेच. तो चार वर्षे वहीजवळ राहील.

शाळा जूनमध्ये उघडतील. त्यापूर्वीच्या सुट्टीत चार-सहा मुलांनी एकत्र जमून दोन फेऱ्या माराव्यात. रक्तपेढीत जाऊन कोणत्या गटाचे रक्त कोणत्या महिन्यात कमी पडते ते विचारावे, आणि शाळा उघडताच मुख्याध्यापकांना, यंदा दहावीला लेखनिक लागणारे कोणी आहे का, ते विचारावे. जेथून होकार येईल तेथे पुढच्या शनिवारी पाच वाजता हजर राहावे. मंडळाला नाव काय द्यावयाचे, हे दिवाळीनंतर ठरविले तरी चालेल.