बक्षीस घरी मिळेल, आई-वडील दोघांनी हजर राहावे



गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत एक चित्रकला स्पर्धा झाली. आमची शाळा मांडव्याची, जेट्टीवरून रिक्षाने यायला फार वेळ लागत नाही. एक सद्गृहस्थ आले, प्रत्येक मुलाला जाड कागद आणि खडूची छोटी पेटी दिली. विषय होता 'माझा समुद्रकिनारा'. फी नाही, काही नाही. मुलं खूश, आम्हीही खूश. सोबत फक्त एक फॉर्म होता. मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा मोबाइल नंबर, वडिलांचा व्यवसाय, आई-वडील दोघं घरी केव्हा भेटतील.

तो फॉर्म मी वर्गात भरून घेतला. ज्यांना नंबर पाठ नव्हते त्यांचे नंबर शाळेच्या नोंदीतून बघून मीच लिहिले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या फॉर्मपासून सुरू झालं.

तीन आठवड्यांनी पालकांच्या घरी पाकिटं आली. चकचकीत कागद, सोनेरी शिक्का, मुलाचं पूर्ण नाव. 'अभिनंदन! आपल्या पाल्याची विशेष गुणवत्ता पुरस्कारासाठी निवड झाली आहे.' माझ्या वर्गात २९ मुलं आहेत, त्यांपैकी २६ जणांची निवड झाली होती. उरलेली तिघं स्पर्धेच्या दिवशी गैरहजर होती.

खाली चार वस्तूंची चित्रं होती. टॅब्लेट, सायकल, दप्तर आणि 'शैक्षणिक भेट'. यांपैकी एक नक्की. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की कोणती वस्तू द्यायची ते आयोजक ठरवतील. आणि शेवटी ही ओळ: 'पुरस्कार आपल्या घरी येऊन प्रदान केला जाईल. आई-वडील दोघांनी हजर राहावे. वेळ साधारण दीड तास.'

पालकांनो, दप्तर हातात द्यायला दीड तास लागतो का? हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही, म्हणून आज तुम्हाला विचारते.

चौथीतल्या एका मुलीचे वडील गेटवेच्या बोटीवर कामाला आहेत. त्यांच्याकडे रविवारी संध्याकाळी माणूस आला. कोट-टाय, गळ्यात पट्टी, हातात मेडल. आधी मेडल घातलं, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. आजीने चहा टाकला. मग त्याने मुलीला जवळ घेऊन सातचा पाढा उलटा म्हणायला सांगितला. उलटा! ती अडखळली. तो वडिलांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मुलगी हुशार आहे, पण पाया कच्चा राहिलाय. आत्ता लक्ष दिलं नाही तर पाचवीच्या स्कॉलरशिपला मागे पडेल."

मी त्या मुलीची वर्गशिक्षिका. तिचा पाया अजिबात कच्चा नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पुस्तकांचा संच, पेन ड्राइव्ह, वर्षभर फोनवरून मार्गदर्शन. छापील किंमत ५४,०००. आज सही केली तर ३६,०००. तेवढे नाहीत? मग दरमहा फक्त १,७५०. नोंदणीचे ३,००० आत्ता. आधार आणि पॅनचा फोटो काढला, फोनवर आलेला ओटीपी 'बक्षिसाच्या नोंदणीसाठी' म्हणून विचारून घेतला. तो ओटीपी खरं तर कर्जाच्या मंजुरीचा होता. दप्तर मात्र फुकट मिळालं.

आता हे गणित चौथीच्या मुलांनाही जमतं. १,७५० गुणिले २४ म्हणजे ४२,०००. त्यात ३,००० मिळवा. ३६,००० चा संच ४५,००० ला पडला. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो सुरू झाल्यापासून येण्याजाण्याची सोय झाली आहे, पण लहान बोटींवर, जेट्टीवरच्या टपऱ्यांवर आणि पर्यटकांच्या भाड्यावर ज्यांचं घर चालतं त्यांचे हे महिने ओढाताणीचेच. हप्ता मात्र जून-जुलैतही कापला जातो.

मी त्या वडिलांना विचारलं, "दादा, निदान एक फोन करायचा होता मला." ते म्हणाले, "बाई, तुमच्याच शाळेतून आले ना ते, मग खोटं कसं असंल?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

मला वाटायचं की अशा बक्षिसात फसवणूक म्हणजे बक्षीस न मिळणं. तसं नाही. बहुतेकांना दप्तर मिळालंच, आणि वाईटही नव्हतं. ते दप्तर म्हणजे घरात शिरण्याचं तिकीट होतं. दारावर "ताई, पुस्तकं घेता का?" म्हणत आलेल्या माणसाला आपण उंबऱ्याबाहेरूनच नाही म्हणतो. बक्षीस घेऊन आलेल्याला खुर्ची देतो, पाणी देतो. तो आता पाहुणा झाला, आणि पाहुण्याला ऊठ म्हणणं आपल्या हाडात नाही. त्यातून त्याने आपल्या लेकराच्या गळ्यात मेडल घातलेलं. अशा माणसाला "नको" म्हणताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

'दोघांनी हजर राहावे' याचाही अर्थ तोच. घरात एकटी आई असली तर ती सहज म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." वडील म्हणतात, "घरात बोलतो, मग बघू." आपल्या घरांमध्ये ही दोन वाक्यं म्हणजे कुलूप-किल्ली आहेत. दोघं समोर बसले की दोन्ही वाक्यं बाद. आणि 'फक्त आजची किंमत' म्हटलं की रात्र मध्ये जात नाही, शेजारी विचारता येत नाही, बाईंना फोन करता येत नाही.

मानसशास्त्रात यावर जुना प्रयोग आहे. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोकांना विचारलं की सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलचा एक मोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? थेट विचारलेल्यांपैकी १७ टक्के लोक हो म्हणाले. काही जणांना मात्र आधी याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायची विनंती केली होती. त्यांच्यातले ७६ टक्के त्या अवाढव्य फलकालाही हो म्हणाले. आमच्याकडे ती छोटी पाटी म्हणजे खडूची पेटी होती. आधी शाळेने हो म्हटलं, मग फॉर्मने, मग फोटोने, मग ओटीपीने.

ही युक्ती नवी नाही. तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीच्या पालकांना वर्तमानपत्रांतल्या त्या जाहिराती आठवत असतील. नऊ चौकटी, १ ते ९ अंक असे भरा की आडवी, उभी, तिरकी बेरीज १५ यावी. उत्तर पोस्टाने पाठवा आणि रेडिओ किंवा घड्याळ जिंका. माझ्या काकांनी पाठवलं होतं. उलट टपाली अभिनंदनाचं पत्र आलं आणि मागोमाग व्ही.पी.पी.ने पार्सल. व्ही.पी.पी. म्हणजे पोस्टमनकडे पैसे भरल्यावरच पार्सल हातात, आणि हातात आल्यावरच उघडायचं. आत काय निघालं ते काका कधी सांगत नाहीत.

हे कोडं वर्गात जरूर घ्या. मधल्या चौकटीत ५ शिवाय दुसरा अंक बसतच नाही. कोपऱ्यांत २, ४, ६, ८ हे सम अंकच येतात. एक उत्तर असं: पहिली ओळ २, ७, ६, दुसरी ९, ५, १, तिसरी ४, ३, ८. एकूण आठ उत्तरं निघतात, पण ती सगळी हेच उत्तर फिरवून किंवा आरशात बघून मिळतात. मुलांनी ते सोडवलं की विचारा, "हे तुमच्यातल्या किती जणांना जमलं?" बहुतेक हात वर जातील. मग विचारा, "सगळेच जिंकले तर बक्षिसाचे पैसे कोण देतं?" आमच्या वर्गात यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आमचे पप्पा."

शिक्षणाच्या नावावर घरी येऊन विकण्याचा प्रकार मोठ्या पातळीवरही गाजला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपन्यांबाबत पालकांना सूचना काढली. फुकट म्हणून दिलेल्या सेवेत काय दडलंय ते तपासा, आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, असं त्यात आहे. वर्षभराने, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने बायजूजच्या प्रमुखांना समन्स काढलं. पालकांचे फोन नंबर मिळवून त्यांच्या मागे लागतात, असा आक्षेप होता. नंबर विकत घेतल्याचं कंपनीने नाकारलं, पण जानेवारी २०२३ मध्ये घरोघरी जाऊन विक्री बंद केल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे आलेली मंडळी यांच्यातली नव्हेत, अगदी लहान संस्था होती. लहान संस्थेवर कुणाचं लक्षही जात नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा दिल्या आहेत. कबूल केलेलं बक्षीस द्यायचा इरादाच नसणं ही एक. आणि जिची किंमत पूर्ण किंवा थोडी व्यवहारातच वसूल होते ती वस्तू फुकट दिल्याचा भास निर्माण करणं ही दुसरी. आमचं दप्तर माझ्या मते या दुसऱ्या प्रकारात बसतं. थेट विक्रीबाबतचे २०२१ चे नियमही आहेत. विक्रेत्याने ओळखपत्र बाळगावं, आधी वेळ घेतल्याशिवाय घरी येऊ नये, आणि बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कुणाकडून, काय विकायला आलो ते खरं सांगावं. दारावरचा प्रत्येक माणूस या नियमांत बसतो का, हा वकिलांचा प्रश्न. पण तुमच्या दारापुरता नियम तुम्ही करू शकता. चहा टाकण्याआधी विचारा, "तुम्ही काही विकणार आहात का?"

अमेरिकेत घरी येऊन केलेल्या विक्रीला तीन कामाच्या दिवसांत रद्द करण्याची मुभा १९७० च्या दशकापासून आहे. आपल्याकडे दारावरच्या खरेदीला अशी सरसकट सवलत नाही. मात्र कर्ज मोबाइल अॅपवरून झालं असेल तर एक वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जात सुरुवातीला ठरावीक मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. मुदत थोडी असते. म्हणून सही झाली असेल तर लाजत बसू नका, त्याच रात्री कर्जाचे कागद वाचा, दुसऱ्या दिवशी कर्ज देणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही लेखी कळवा. संचाचं सील तोडू नका. पाकीट आणि पत्र फेकू नका, तोच पुरावा आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ओटीपी घेऊन खात्यातून पैसेच काढले असतील तर १९३०, आणि तोही लगेच. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागलाच आहे. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

त्या वडिलांनी मला सांगितलं तेव्हा अकरा दिवस झाले होते. १९१५ ला फोन केला, पत्रं लिहिली, मी मराठीतून इंग्रजी करून दिली. दोन हप्ते कापले गेल्यावर उरलेलं कर्ज बंद झालं आणि संच परत गेला. नोंदणीचे ३,००० गेले ते गेलेच. मेडल मुलीने ठेवून घेतलं. तिला यातलं काय आणि किती सांगायचं, हे तिच्या आईने ठरवलं, मी त्यात पडले नाही.

शिक्षक मित्रांनो, आपल्या बाजूचं थोडं बोलते. मुलांचे आणि पालकांचे नंबर आपल्याकडे असतात ते शाळेच्या कामासाठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, अशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मी तो नंबर लिहिला तेव्हा त्या घराला विचारलं नव्हतं एवढं खरं.

आता आमच्या मुख्याध्यापिकांनी बाहेरच्या स्पर्धांसाठी वेगळी वही केली आहे. कोण आलं, कुणाकडून आलं, बक्षीस कुठे देणार. बक्षीस शाळेतच, सगळ्यांसमोर द्यायचं. फॉर्मवर मुलाचं नाव आणि इयत्ता, बाकी काही नाही. या जानेवारीत पुन्हा एक जण खडूच्या पेट्या घेऊन आले. बाईंनी त्यांना सांगितलं की मोबाइल नंबरचा रकाना भरून मिळणार नाही. ते म्हणाले, मग स्पर्धा घेता येणार नाही, आणि पेट्या उचलून निघून गेले.

मुलं बाकांवर तयार होऊन बसली होती. मग कपाटातले पाठकोरे कागद काढले. चित्रं व्हरांड्यात दोरीला लावली आहेत, कुणी मांडव्याला आलात तर बघायला या.