लष्कर येऊन गेल्यावर : सुरतेच्या नुकसानीचा हिशेब
(नुकसान आणि भरपाई : लेखांक ६)

गेल्या लेखांकात आपण मदत आणि भरपाई यांतला फरक पाहिला. गारपिटीनंतर सरकार देतं ती मदत. ती कमी आली, उशिरा आली तरी आपण फार तर निवेदन देऊ शकतो. भरपाईचं तसं नाही. ती मागता येते आणि नाकारली तर कोर्टाची पायरी चढता येते. आज या फरकाची सर्वांत कठीण कसोटी पाहू. नुकसान करणारं लष्करच असेल तर? घर फौजेनं लुटलं, उभं पीक घोड्यांनी किंवा रणगाड्यांनी तुडवलं, किंवा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आपल्याच सैनिकांनी गोदाम पेटवून दिलं, तर दाद कोणाकडे मागायची?

हे समजून घ्यायला सुरतेइतकं चांगलं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. १६६४ आणि १६७० अशा दोन मोहिमांत शिवाजी महाराजांच्या फौजेनं हे शहर लुटलं. मराठी वाचकाला या मोहिमा तोंडपाठ आहेत, पण त्या रायगडाच्या बाजूनं. लुटल्या गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, त्यांनी कोणाकडे काय मागितलं आणि कोणाच्या पदरात काय पडलं, हा भाग आपण सहसा वाचत नाही. स्वराज्य उभं करायला पैसा हवा होता आणि तो शत्रूच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून काढला, हे मला मान्य आहे. म्हणून सुरतेच्या पेठेत ज्याचं दुकान जळलं त्याचं दुःख खोटं ठरत नाही.

१६६४ च्या जानेवारीत महाराज आले तेव्हा सुरतेला तट नव्हता. मोगल सुभ्याचं हे सोन्याचं बंदर, हजच्या यात्रेकरूंचं प्रस्थानाचं ठिकाण. पण शहराचा अधिकारी इनायतखान पाचशे सैनिकांचा पगार सरकारातून घेत होता आणि तेवढी माणसं पदरी ठेवत नव्हता. धोका दिसताच तो किल्ल्यात जाऊन बसला. शहर ६ ते १० जानेवारी उघडं पडलं. विरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग या दोन बड्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांची नावं सगळ्या वृत्तांतांत येतात. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत वखारीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन यानं मात्र खंडणी नाकारली आणि जहाजावरची माणसं आणून वखार राखली. फौज परतल्यावर इनायतखान किल्ल्याबाहेर आला, तेव्हा लोकांनी त्याच्या माणसांवर चिखल फेकला.

मला हा चिखल फार महत्त्वाचा वाटतो. सुरतेच्या रहिवाशांनी त्या दिवशी कायद्याचा एक मूलभूत प्रश्न विचारला होता. लुटणारा परका होता, तो निघून गेला; पण आमच्या रक्षणासाठी जो पगार खात होता, त्याची जबाबदारी काय? आजही दावा लावताना वकील पहिली गोष्ट हीच तपासतो. नुकसान कोणाच्या कृतीमुळे झालं आणि कोणाच्या कसुरीमुळे झालं, हे दोन वेगळे दावे असतात.

औरंगजेबानं यावर जे दिलं ते पाहण्यासारखं आहे. सुरतेच्या सर्व व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ झाली. इंग्रज आणि डच यांनी हिंमत दाखवली म्हणून त्यांना जकातीच्या दरात पुढेही सवलत मिळाली. शहराभोवती तट बांधायचा हुकूम निघाला. वरवर पाहता हे उदार वाटतं. पण जकातमाफीचा फायदा होतो कोणाला? ज्याचं जहाज पुन्हा बंदराला लागणार, ज्याच्याकडे माल भरायला भांडवल उरलंय, त्याला. ज्या विणकराचा माग जळला, ज्या किरकोळ दुकानदाराचं सगळं दुकानातच होतं, त्याला जकातनाक्यावरून न्यायला काहीच नव्हतं. नुकसान कोणाचं किती झालं हे न पाहता दिलेली सरसकट सूट नेहमी सावरलेल्याला आणखी सावरते. कर्जमाफी, करमाफी यांवर आजही हाच आक्षेप येतो आणि तो खरा आहे.

ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे पुन्हा आले. आता तट होता, पण तो लढवायला माणसं पुरेशी नव्हती. या खेपेला मोगलांनी रीतसर चौकशी केली आणि ६६ लाख रुपयांची लूट झाल्याचा आकडा काढला. आकडा ठरला म्हणजे भरपाई झाली असं नाही. सरकारी दप्तरात नुकसान मोजलं जातं ते बहुतेक वेळा सरकारला स्वतःचं किती बुडालं हे कळावं म्हणून.

आता जिनं भरपाईचा पाठपुरावा केला त्या ईस्ट इंडिया कंपनीकडे वळू. मार्च १६६१ मध्ये मराठ्यांनी राजापूरची इंग्रज वखार लुटली होती आणि हेन्री रेव्हिंग्टनसह तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकलं होतं. त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला असताना हेच इंग्रज तोफा घेऊन गेले आणि आपलं निशाण लावून गडावर गोळे टाकत बसले. व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात एक बाजू घेतली होती. आजच्या युद्धनियमांतही जो लढाईत प्रत्यक्ष भाग घेतो, त्याला त्या काळापुरतं नागरिकाचं संरक्षण उरत नाही. म्हणजे कंपनीचा दावा कमकुवत होता. तरीही तो तिनं सोडला नाही. सुरतेच्या कचेरीत राजापूरच्या मालाच्या वह्या होत्या आणि मुंबईहून दरबाराकडे वकिलांच्या फेऱ्या सुरू झाल्या. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक गेला, १६७३ मध्ये थॉमस निकल्स. दोघांच्याही हाती फारसं काही लागलं नाही.

जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. बरोबर नारायण शेणवी हा दुभाषा होता आणि दरबाराच्या बाजूनं निराजीपंत बोलत होते. तहात राजापूरच्या नुकसानीबद्दल १० हजार होन ठरले. रक्कम फेडायची रीत मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. रोख काही द्यायचं नव्हतं. इंग्रजांनी तीन वर्षं दरसाल ५ हजार होनांचा नारळ-सुपारीसारखा माल महाराजांकडून घ्यायचा आणि किंमत अर्धीच द्यायची. त्यातून साडेसात हजार फिटायचे. उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीतून वळते करून घ्यायचे. खजिन्यातून एक होन न काढता दावा मिटला. वर इंग्रजांना भरपाई वसूल करायची तर राजापूरला परत यावं लागणार होतं आणि तेच महाराजांना हवं होतं. बंद पडलेलं बंदर पुन्हा चालू होणार होतं. ही अत्यंत हुशार तडजोड होती.

मग सुरतेचं काय? सुरतेबद्दल काही नाही. महाराजांची भूमिका त्यांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांना धाडलेल्या पत्रांत स्पष्ट आहे : तुमच्या बादशहामुळे मला माझ्या प्रजेच्या रक्षणासाठी फौज पोसावी लागते, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्या प्रजेनं द्यावा. शत्रूचा मुलूख म्हणून सुरतेच्या नुकसानीची जबाबदारी त्यांच्या मते उपजतच नव्हती. कंपनीचा हुबळीचा दावाही रायगडावर टिकला नाही, पण त्याचं कारण वेगळं. १६७३ मध्ये तिथं झालेल्या लुटीत कंपनीनं सुमारे आठ हजार होनांचं नुकसान सांगितलं. मराठ्यांच्या यादीत मात्र जेमतेम दोनशे होनांचं किरकोळ सामान होतं. दोन याद्यांत चाळीसपटीचं अंतर! तिसऱ्या कोणी जागेवर जाऊन मोजलं नाही, की दाव्याचं असंच होतं. आणि राजापूरचे होनही सुरळीत फिटले नाहीत. संभाजी महाराजांच्या काळातही इंग्रज वकील थकलेल्या भरपाईची मागणी घेऊन येत राहिले.

याच महाराजांनी १९ मे १६७३ रोजी चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्या अंमलदारांना जे पत्र लिहिलं, ते इथं आठवायला हवं. दाणागोटा, वैरण, भाजी, जे लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या, रयतेला काडीचा त्रास देऊ नका, असा त्याचा आशय आहे. पुढे पेशवाईतही फौज गावावरून गेली आणि पिकाची पायमल्ली झाली, की गावाला साऱ्यात सूट मिळाल्याच्या नोंदी सापडतात. म्हणजे आपली रयत आणि शत्रूची रयत, असा सरळ भेद होता. स्वतःच्या रयतेच्या नुकसानीची काळजी राज्यकर्त्याला होती. शत्रूच्या रयतेला मात्र बळाशिवाय काही मिळत नव्हतं. कंपनीपाशी ते होतं : जहाजं, तोफा आणि महाराजांना हवा असलेला व्यापार. हिशेबाच्या वह्या सुरतेच्या सराफांकडेही होत्याच.

या भेदावर बोट ठेवलं ते विसाव्या शतकानं. १९०७ च्या हेग नियमांनी लूट निषिद्ध ठरवली आणि नियम मोडणाऱ्या राष्ट्रानं भरपाई द्यावी असं म्हटलं. पण लढाईत गोळा पडून घर कोसळलं तर? त्याचं उत्तर एका खटल्यात मिळतं. १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनवर चालून आल्या तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यानं बर्मा ऑइल कंपनीचे तेलाचे कारखाने आणि साठे उद्ध्वस्त केले. एप्रिल १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला : प्रत्यक्ष लढाईतल्या नुकसानीला भरपाई नाही, पण सरकारनं विचारपूर्वक कोणाची मालमत्ता नष्ट केली तर किंमत द्यावी लागेल. तत्त्व म्हणून हा निकाल मला योग्य वाटतो. युद्धाचा भार सगळ्या देशाचा असेल, तर ज्याचं गोदाम वाटेत आलं त्या एकट्यानं तो का उचलावा? पण ब्रिटिश पार्लमेंटनं १९६५ मध्ये कायदा करून, तोही पूर्वलक्षी प्रभावानं, हा हक्कच काढून घेतला.

आपल्याकडे शांततेच्या काळातल्या लष्करी सरावांसाठी १९३८ चा कायदा आहे. सरावात पिकाचं, विहिरीचं, बांधाचं नुकसान झालं तर भरपाई हा हक्क आहे. जिल्हाधिकाऱ्यानं महसूल अधिकारी लष्कराबरोबर पाठवायचा, त्यानं जागेवर पाहणी करून रक्कम ठरवायची आणि ती मान्य नसेल तर आयोगापुढे दाद मागता येते. हुबळीत जो तिसरा माणूस नव्हता, तो इथे कायद्यानंच उभा केला आहे. युद्धातल्या नुकसानीसाठी मात्र असा पक्का हक्क नाही. मे २०२५ मध्ये पूंछमधली घरं तोफगोळ्यांनी पडली, तेव्हा लोकांना मिळाली ती सरकारनं जाहीर केलेली मदत. सीमेवरच्या माणसासाठी संसदेनं भरपाईचा स्वतंत्र कायदा करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नगरजवळच्या के. के. रेंजसारख्या सराव क्षेत्राच्या आसपास ज्यांची शेती आहे, त्यांनी एवढं जरूर करावं : नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, महसूल अधिकाऱ्याकडे लेखी दावा द्या, पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि ठरलेली रक्कम पटत नसेल तर तसं मुदतीत जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा.

(पुढील लेखांक : कुवेतवरच्या आक्रमणाची इराकनं दिलेली भरपाई आणि भारतीय कामगारांचे दावे)