ट्रॅकबॉल माऊस: दुकानदाराच्या कामाचा की नुसती हौस?

मागच्या लग्नसराईत माझं मनगट इतकं दुखायचं की पत्रिकेचं डिझाईन अर्धवट सोडून उठावं लागायचं. दिवसभर माऊस सरकवत बसायचो ना! शेवटी ट्रॅकबॉल घेतला.

यात माऊस जागेवरच राहतो. वरचा गोळा फिरवला की कर्सर हलतो. काउंटरवर बिलबुक, कॅल्क्युलेटर, चहाचा कप असला तरी काही अडत नाही.

प्रकार दोन. लॉजिटेक एर्गो एम ५७५ अंगठ्याने फिरवायचा, तोही उजव्या हाताचाच. केन्सिंग्टन एक्सपर्ट माऊस बोटांनी फिरवायचा, दोन्ही हातांना चालतो. अंगठा आधीच दुखत असेल, तर बोटांचाच बघा.

सुरुवातीला चिडचिड होणारच. म्हणून आधी बिलिंग त्यावर करा, अर्जंट ऑर्डर जुन्या माऊसवरच काढा. बारीक डिझाईनसाठी पॉइंटरचा स्पीड कमी ठेवा. कर्सर अडखळला, तर गोळा काढून आतले बारीक टेकू पुसा. तिथेच धूळ साचते.

माझं दुखणं बरंच कमी झालं, पण हे औषध नाही. मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. मशीन बिघडलं तर नवीन येतं, हाताचं तसं नाही!